मनकर्णेचा डावा अंगठा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. घोडेगावच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवायचे, तेव्हा मुलं पाठीमागे मला ‘गंधकाम्ल’ म्हणत. हे कळल्यावर मी त्यांना गंधकाम्लाचं सूत्र शंभर वेळा लिहायला लावलं आणि स्वतःचं नाव आणखी पक्कं करून घेतलं. पण त्या तापटपणानं आयुष्यात एकदा मोठं काम केलं. ते १९७१ साली नेवाशाच्या कोर्टाबाहेर, एका माणसाच्या हसण्यावरून सुरू झालं.

हसणाऱ्याचं नाव बन्सी. मी ज्या मनकर्णामावशीच्या घरात भाड्यानं राहायचे, तिच्या नवऱ्याचा हा पुतण्या. मावशी त्रेसष्ट वर्षांची, अंगानं काटक आणि तोंडानं फटकळ; म्हणूनच आमचं जमलं असावं. तिचा नवरा कानिफनाथ दोन वर्षांपूर्वी गेला होता. पोटी मूल नव्हतं. गावाच्या वरच्या अंगाला विहिरीसकट तीन एकर रान होतं, ते मात्र नवऱ्याचं नव्हे, तिचं स्वतःचं. तिच्या बापाला मुलगा नव्हता. त्यानं १९३६ साली थोरल्या लेकीला, म्हणजे मनकर्णेला, ते रान बक्षीसपत्रानं लिहून दिलं होतं आणि नेवाशाच्या कचेरीत तिनं त्यावर डाव्या हाताचा अंगठा उठवला होता.

त्या रानावर बन्सीचा डोळा होता. सरळ मार्गानं ते मिळणार नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं वाकडा मार्ग काढला. मावशीला बायडा नावाची धाकटी बहीण होती. नवऱ्यानं टाकलेली, म्हणून थोरलीकडेच वस्तीवर राहायची. १९४० च्या पटकीत दोघी एकदमच आजारी पडल्या. मनकर्णा उठली, बायडा गेली. तेव्हा रोज कुणी ना कुणी दगावत होतं, नोंदी करायला कुणाला सवड होती? बायडाचं मरण कुठल्याच दप्तरात चढलं नाही.

ही फट बन्सीनं हेरली. त्यानं कोर्टात दावा लावला की पटकीत मेली ती मनकर्णा. आज घरात आहे ती बायडा; बहिणीच्या जागी बसून, तिचंच नाव लावून तीस वर्षं राहिली. चुलत्याशी तिचं लग्न लागलेलं नाही, तेव्हा रानावर आणि घरावर तिचा काडीचा हक्क नाही. दोघी बहिणींना शेजारी-शेजारी पाहिलेली माणसं बहुतेक गेली होती. जी दोन-चार उरली होती त्यांना बन्सीची भीती वाटायची. राहता राहिला तो जुन्या कागदावरचा अंगठा.

“मला जित्तेपनी मारलंय बाई त्यानं,” मावशी मला म्हणायची. “रान गेलं तर दुसऱ्याच्या रानात खुरपीन मी. पन मरताना बायडा म्हनून मरायचं? अन् मग माज्या मांडीवर गेली ती कोन हुती?”

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तारीख होती. शाळेत रजा टाकून मी तिच्याबरोबर गेले. पुण्याहून ठसेतज्ज्ञ आले होते. त्यांनी काचेवर शाई पसरली, मावशीचा डावा अंगठा त्यावर फिरवला आणि कागदावर दाबला. कागदावर एक काळा डाग उमटला. रेघ नाही, वळण नाही, काही नाही. त्यांनी पुन्हा घेतला, तिसऱ्यांदा घेतला. तीन काळे डाग झाले.

“रेषा झिजल्या आहेत,” ते म्हणाले. “वय झालंय, त्यात हातानं काम. जुन्या ठशाशी जुळवण्यासारखं इथे काही उरलेलं नाही.”

काम म्हणजे चिंच. आमच्या नगर जिल्ह्यात चिंचेचा मोठा व्यापार. हंगामात व्यापाऱ्यांच्या शेडमध्ये बायका ओळीनं बसून चिंच फोडतात. उजव्या हातात लोखंडी ठोकणी, डाव्या हातात चिंच, आणि टरफल फुटलं की डाव्या अंगठ्यानं रेट देऊन आतला चिंचोका बाहेर. मावशीनं वीस हंगाम हे काम केलं होतं आणि तिच्याइतका भरभर हात शेडमध्ये कुणाचा नव्हता. तिच्या अंगठ्याचं पेर पातळ, चकचकीत आणि भेगाळलेलं होतं. आंबटानं तो रोज सोलवटायचा.

मावशीचे वकील नियाज शेख होते. नेवाशात त्यांचं नाव होतं, आवाज मात्र इतका हळू की न्यायाधीशांना पुढे वाकावं लागायचं. त्यांनी मुदत मागितली. साहेबांनी उन्हाळी सुट्टीनंतरची, जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आणि बजावलं, की बाकीच्या साक्षी झालेल्या आहेत, त्या दिवशी काही नवं आलं नाही तर आहे त्यावर निकाल देईन.

बाहेर लिंबाखाली बन्सी चहा पीत उभा होता. आम्हाला पाहून तो चार माणसांत मोठ्यानं म्हणाला, “घ्या, तारीख घ्या. तवर म्हातारीला नवं कातडं फुटंल.” आणि हसला. माणसंही हसली.

त्यांच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं की नेमक्या याच प्रश्नावर मी पुण्यात दोन वर्षं घालवली होती.

एम.एस्सी. झाल्यावर मी एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागले होते. विषय होता म्हातारं कातडं. कातड्याच्या आत कोलॅजेन नावाच्या पदार्थाचे धागे असतात, त्यांच्या विणीवर कातडं ताठ राहतं. वय वाढतं तसे धागे कमी होतात, वीण सैल पडते. मी म्हाताऱ्या उंदरांच्या पाठीवर कारिवण्याच्या पाल्याचा अर्क लावत होते. ओलसर जागी पसरणारी गोल पानांची वेल. वैद्य तिला मंडूकपर्णी म्हणतात आणि जखमेवर लावतात. माझ्या उंदरांच्या कातड्यात धागा वाढला. मी तीनदा मोजला, तीनदा वाढलेला. आमचे मार्गदर्शक म्हणाले, “म्हातारं कातडं म्हणजे बंद पडलेली गिरणी. तुझ्या मोजण्यात चूक असेल.” मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. शिष्यवृत्ती संपली, मी घोडेगावला मास्तरीण झाले आणि वह्या ट्रंकेत गेल्या.

कोर्टातून परतताना एसटीत मी मावशीला विचारलं, “चौदा आठवडे माझं ऐकशील?”

“काय करायचंय?”

“ठशाची मुळं कातड्यात खोल असतात. वरचं कितीही झिजलं तरी खालचा नमुना मरत नाही. वरच्या कातड्याला बळ आलं की तोच नमुना वर येतो. दुसरा येऊच शकत नाही.”

मावशीनं अंगठा डोळ्यांजवळ नेला. “म्हंजी बापानं धरून उठवला हुता तोच?”

“तोच.”

घोडेगावच्या स्टँडवर उतरताना ती म्हणाली, “सांगा मग.”

पहिली अट चिंचेची. शेडमध्ये जायचं नाही, एक चिंचही फोडायची नाही. ऐन हंगामात हे तिला फार जड गेलं. हात रिकामे ठेवायची तिला सवय नव्हती. बायका दारावरून शेडकडे निघाल्या की ती उंबऱ्यात उभी राहून त्यांच्याकडे बघायची आणि परतून मला चार शब्द सुनवायची. भाकरी थापायलाही मी बंदी केली, कारण बाजरीचं पीठ हाताला खरखरीत. मग भाकरी मी थापू लागले. माझी पहिली भाकरी तिनं उचलून उजेडाकडे धरली आणि म्हणाली, “बाई, हिच्यात तुमच्या शाळेचा नकाशा दिसतोय.”

दर रविवारी एसटीनं प्रवरासंगमाला जाऊन मी नदीकाठच्या ओलीतून पाला खुडून आणायचे. तिथल्या बायका त्याला तण म्हणून उपटून टाकत होत्या. मी पिशव्या भरते आहे हे पाहून एकीनं मला विचारलं की घरी ससे पाळलेत का. पाला वाटायचा, पाण्यात उकळून आटवायचा, गाळायचा. लावायला काहीतरी मऊ हवं, म्हणून मी जुन्या वैद्यांची युक्ती घेतली. तांब्याच्या ताटात साजूक तूप घ्यायचं, पाणी घालून हातानं फेसायचं, पाणी ओतून द्यायचं, असं शंभर वेळा. तूप लोण्यासारखं पांढरं आणि थंडगार होतं. रोज संध्याकाळी त्याच ताटात थोडं तूप आणि थोडा अर्क मी ताजा कालवायचे, डाव्या अंगठ्याला लावायचे आणि मऊ फडकं बांधायचे. उजव्या अंगठ्यालाही फडकं, पण तिथे नुसतं तूप.

“ह्याला का न्हाई पाला?” मावशीनं विचारलं.

“उद्या कुणी म्हणालं की तुपानं झालं, नाहीतर नुसत्या आरामानं झालं, तर त्याच्या तोंडावर मारायला.”

हे कारण तिला ताबडतोब पटलं.

पोटातूनही द्यायला हवं होतं. क जीवनसत्त्व नसेल तर कोलॅजेनच्या धाग्याला पीळच बसत नाही. मावशीचं जेवण म्हणजे भाकरी आणि मिरचीचा ठेचा, म्हातारीला एकटीपुरतं आणखी काय लागतं, असं तिचं म्हणणं. मी रोज तिला शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि दोन लिंबांचं पाणी चालू केलं. हे सगळं कशासाठी, असं तिनं एकदा विचारलं तेव्हा मी अंगणातली बाज दाखवली. सुंभ सैल पडलं की बाजेला झोळ येतो, नवं सुंभ भरलं आणि ताणलं की ती पुन्हा ताठ होते. पाला सुंभ वळायला लावतो, लिंबू त्याला पीळ देतं. मावशी बाजेकडे बघून म्हणाली, “मग एवढं सरळ हाय तर पुन्यात का न्हाई पटलं कुनाला?” मी तिच्या पाण्यात आणखी एक लिंबू पिळलं.

दर बाजाराच्या दिवशी मी दोन्ही अंगठ्यांचा ठसा काजळीनं कोऱ्या कागदावर घ्यायचे आणि तारीख घालून भिंतीला चिकटवायचे. पहिला आठवडा डाग. दुसरा डाग. तिसरा डाग. शाळेच्या भिंगातून बघून बघून माझे डोळे दुखायला लागले. पाचव्या आठवड्यात कडेला एक रेघ आहे असं वाटलं, सहाव्यात ती नव्हती. गावात आता या प्रकाराची गंमत झाली होती. मुख्याध्यापकांनी मला शिक्षकांच्या खोलीत विचारलं की अंगठा झाल्यावर बाई त्यांच्या टकलाकडे वळणार का. मी म्हटलं, “तिथे आधी नांगरट करावी लागेल.” पण घरी आल्यावर मी भिंतीवरच्या डागांसमोर बसून रडले, हेही खरं आहे. मला वाटू लागलं की मार्गदर्शकच बरोबर होते. माझ्या हट्टापायी मी एका बाईला खोटी आशा दाखवली होती. तिचा हंगाम बुडाला होता, जूनमध्ये तिचं रान आणि नाव दोन्ही जाणार होतं.

एप्रिलच्या शेवटी शाळेला सुट्टी लागली. निकाल वाटून मी दुपारी बारालाच घरी आले. एरवी मी पाच वाजता यायचे.

मावशी मागच्या अंगणात मोरीपाशी बसली होती. दोन्ही अंगठ्यांची फडकी सोडून, घडी करून, दगडावर नीट ठेवलेली. पुढ्यात माझं तांब्याचं ताट. शेजारी एका वाटीत भिजवलेली चिंच आणि मूठभर चुलीची राख. डाव्या अंगठ्यानं ती ताटाच्या काठावर चिंच आणि राख रगडत होती. जोर लावून, जीव लावून.

माझ्या तोंडून निघालं, “हे काय करतेस?”

“ताट घासतेय.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिसापासनं. रोजच घासते.” तिला माझा चेहरा बघून काही कळेना. “तुमी म्हनला चिंच फोडू नको. फोडली का मी? औषिदाचं ताट हाय, ते काळं-हिरवं कसं ठिवू? तांबं चिंचंबिगर निघतंय का?”

सात आठवडे मी रोज संध्याकाळी लेप लावत होते आणि ती रोज दुपारी तो अंगठा आंबट आणि राखेनं सोलून काढत होती. माझ्या औषधाच्या ताटासाठी. आणि रोज संध्याकाळी ते ताट सोन्यासारखं चकाकताना पाहून मी तिला म्हणायचे, “मावशी, ताट बघ कसं लख्ख ठेवलंयस.” मीच तिला शाबासकी देत होते.

मी ओरडले. शेजारच्या केशरबाई भिंतीवरून डोकावल्या इतकी ओरडले. शिकलेल्या बाईला शोभणार नाही असं बरंच काही बोलले. मावशी खाली मान घालून ऐकत राहिली, तेच मला सहन होईना, कारण ती कधी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. मग माझ्या डोक्यात एकदम आलं.

“कोर्टाच्या आदल्या दिवशीही हात घासले होतेस?”

“व्हय. सरकारी काम. काळ्या हातानं अंगठा द्यायचा व्हय? चिंच लावून, राख लावून चांगले उजाळले हुते. पार सालपटं निघाली.”

माझा राग तिथल्या तिथे उतरला. मी तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसले आणि हसायला लागले. मावशीला वाटलं मला वेड लागलं. पण मला दिसत होतं की रोज सालपट निघतंय म्हणजे रोज नवं कातडं येतंय, गिरणी बंद नव्हती. ती सात आठवडे दळत होती आणि आम्ही दोघी पीठ सांडत होतो. कातड्यानं हार मानलेली नव्हती, आणि माझी मोजणीही चुकलेली नव्हती.

“चूक माझी,” मी तिला म्हणाले. “ताट मी मागितलं, ते कोण आणि कशानं घासतं हे मी विचारलं नाही.”

“आता किती दीस ऱ्हायलं?”

“साडेसहा आठवडे.”

“पुरतील?”

“पुरले पाहिजेत.”

त्या दिवसापासून तांब्याचं ताट फडताळात गेलं आणि काचेची बशी आली. भांडी मी घासू लागले. मावशी दिवसभर बाजेवर बसून राहायची आणि मला सूचना करायची, हे आमच्या दोघींच्या स्वभावाला फार कठीण गेलं. केशरबाई दुपारी येऊन तिच्यावर पहारा करायच्या, कारण त्यांना आता या गोष्टीत रस वाटू लागला होता.

ताट बदलल्यानंतरच्या तिसऱ्या बाजाराच्या दिवशी मी काजळी लावली, अंगठा दाबला, उचलला. कागदाच्या कडेला चार रेघा होत्या. बारीक, वाकड्या, पण रेघाच. मी भिंग धरलं. मावशीनं माझ्या हातातून भिंग घेतलं आणि ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं दुसऱ्या हातानं पदर तोंडाला लावला.

“बाई,” ती म्हणाली, “ह्यो लई दिसानी दिसला.”

पाचव्या आठवड्याला मधलं चक्र उघडलं. सहाव्याला चक्राभोवती रेषांचे फाटे दिसू लागले, कुठे एक रेघ दोन होत होती, कुठे दोन मिळून एक. उजवा अंगठाही थोडा सुधारला होता, पण तिथे अजून धूसर पट्टे होते, मोजण्यासारखं काही नव्हतं. दोन्हींचा आराम सारखा, तूप सारखं, लिंबू सारखं. फरक एकाच गोष्टीचा. मी दोन्ही ठसे एका पाकिटात घालून पुण्याला त्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाठवले. सोबत एक ओळ लिहिली, ‘वय त्रेसष्ट, पाला तोच.’ उत्तर आलं नाही, आणि खरं सांगते, मी त्याची वाटही पाहिली नाही.

जूनच्या तारखेला कोर्टात गर्दी होती. म्हातारीला नवं कातडं फुटलं का, हे बघायला निम्मं घोडेगाव आलेलं. बन्सी पुढच्या बाकावर नवं धोतर नेसून बसला होता.

ठसेतज्ज्ञ तेच होते. त्यांनी काचेवर शाई पसरली आणि कंटाळल्यासारखं करून मावशीचा हात हातात घेतला. मग अंगठ्याचं पेर उजेडाकडे वळवून पाहिलं आणि त्यांचा कंटाळा गेला. ठसा उमटला. त्यांनी तो बक्षीसपत्राशेजारी ठेवला, डोळ्याला भिंग लावलं आणि टोकदार सुईनं एकेक जागा दाखवत मोजू लागले. मावशी कठड्याला धरून ताठ उभी होती.

“चौदा जागी जुळतो,” ते म्हणाले. “शंकेला वाव नाही. हा अंगठा आणि छत्तीस सालचा अंगठा एकाच बाईचा आहे.”

बन्सीचे वकील उठले. मार्चमध्ये रेषा नव्हत्या, जूनमध्ये आल्या, हे घडलं कसं? काहीतरी बनाव आहे. अंगठ्यावर काही कोरलंय, चिकटवलंय. न्यायाधीशांनी नियाज वकिलांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिले.

“बाई, तुम्ही म्हातारीला तरुण केलंत म्हणायचं?” बन्सीच्या वकिलांनी विचारलं. मागे हशा पिकला.

“नाही,” मी म्हणाले. “तरुण करता येत असतं तर रांग तुमच्यापासून लागली असती. तिचं जे होतं तेच वर आलंय.” आणि मग मी सगळं सांगितलं. कातड्यातले धागे, पाला, लिंबू, डावा आणि उजवा अंगठा. ताटाची आणि चिंचेची गोष्टही सांगितली, स्वतःच्या चुकीसकट. शेवटी म्हटलं, “साहेब, उजवा ठसाही घ्या. त्याला पाला लावलेला नाही. कोरायचंच असतं तर मी तो तरी कशाला सोडला असता?”

उजवा घेतला. धूसर आला. ठसेतज्ज्ञांनी मावशीचे दोन्ही अंगठे ओल्या कापसानं पुसले, चिमटीत दाबले, नखानं खरवडून पाहिले. “कातडं जिवंत आहे आणि तिचंच आहे,” ते साहेबांना म्हणाले. “आणि पस्तीस वर्षांपूर्वीच्या चौदा जागा कोरून बसवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.” मी पिंजऱ्यातून उतरले तेव्हा त्यांनी मला हळूच त्या पाल्याचं नाव विचारलं आणि आपल्या वहीत लिहून घेतलं. पुण्यातल्या सगळ्या दोन वर्षांत कुणी माझं इतकं ऐकून घेतलं नव्हतं. मला आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांनी निकाल सांगितला. कोर्टासमोर उभी असलेली बाई हीच मनकर्णा, कानिफनाथाची बायको. रान तिचं, घर तिचं, बन्सीचा दावा फेटाळला. बन्सी उठून गेला आणि जाताना लोकांनी त्याला वाट करून दिली ती जरा जास्तच मोठी. केशरबाई बाहेर पेढे आणायला पळाल्या. नियाज वकील कागद गोळा करू लागले. माणसं उठली, सगळीकडे कलकल झाली.

मावशी मात्र कठड्याजवळून हलली नाही.

“साहेब,” ती म्हणाली, “मी मनकर्णा हाय, ह्ये तुमी लिवलं. मग पटकीत मेली ती बायडा झाली ना?”

“हो,” साहेब म्हणाले.

“तिची नोंद कुठंच न्हाई. इकतीस वरसं झाली. ती बी लिवा.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले की हे या कोर्टाचं काम नाही, त्यासाठी तहसील कचेरीत अर्ज द्यावा लागतो; पण आजच्या निकालाची नक्कल जोडली तर तिथे कुणी अडवणार नाही. आणि नक्कल आजच्या आज द्या, असं त्यांनी कारकुनाला सांगितलं.

नियाज वकिलांनी तिथेच बाकावर बसून कोरा कागद मांडीवर घेतला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मला नीट ऐकू आला, कारण लिहिता लिहिता ते एकेक ओळ मावशीला वाचून दाखवत होते. बायडाबाई, राहणार घोडेगाव, सन एकोणीसशे चाळीस साली पटकीच्या आजारानं मयत. खबर देणार, तिची सख्खी थोरली बहीण मनकर्णा.

“वय काय लावू तिचं?” त्यांनी विचारलं.

“बावीस,” मावशी म्हणाली. “बावीस पुरं न्हवतं. बावीसच लावा.”

त्यांनी शाईची डबी पुढे केली. मावशीनं अंगठा बुडवला, कागदाच्या तळाशी जिथे वकिलांनी फुली केली होती तिथे तो ठेवला, आणि तज्ज्ञ करत होते तसा एका कडेवरून दुसऱ्या कडेवर सावकाश फिरवून उचलला. सगळ्या रेषा उमटल्या होत्या. ती कागदावर वाकून त्या ठशाकडे आणि त्याच्या वरच्या नावाकडे बघत राहिली. नाव तिला वाचता येत नव्हतं, ते कुठे आहे हे मी बोटानं दाखवलं.

“आता दोघी बी आपापल्या नावानं हाय आमी,” ती म्हणाली, आणि शाई वाळेपर्यंत तिनं त्या कागदाला कुणाला हात लावू दिला नाही.